लोटेबाईंचं उन्हातलं चित्र

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या लोटेबाई दर उन्हाळ्यात एक चित्र गच्चीवर उन्हात ठेवायच्या. दाराच्या फळीएवढं ते चित्र मे महिना लागला की बाहेर यायचं आणि सप्टेंबर सरताना आत जायचं. मस्कतचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय, ते इथं राहिलेल्यांनाच कळेल. गाडीच्या स्टिअरिंगला हात लावताना आम्ही रुमाल घेतो आणि दुपारी गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. माणसं पडदे ओढून घरात बसलेली असताना ते चित्र कठड्याला टेकून, उन्हाकडे तोंड करून, दिवसभर उभं असायचं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मदिनत सुलतान काबूसमधल्या त्या जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. माझ्या नवऱ्याचा, संजयचा कारखाना रुसैलला आणि माझी नोकरी रुवीतल्या एका ट्रेडिंग कंपनीत, म्हणजे घर दोघांच्याही सोयीचं नव्हतं. पण दारात कडुनिंब होता म्हणून घेतलं. एका शुक्रवारी सकाळी अरबी समुद्रातल्या कुठल्याशा वादळामुळे आभाळ भरून आलं. मस्कतला आभाळ भरून येणं ही बातमी असते. मी कपडे काढायला गच्चीवर धावले आणि तिथं ते चित्र दिसलं. आमच्याकडे आभाळ आलं की वाळवण कुणाचं आहे ते विचारत नाहीत. ज्याला आधी दिसेल त्यानं उचलायचं. शेजारणीच्या कुरडया भिजल्या तर आपण काय डोळे मिटून बसलो होतो का, असं आई म्हणायची. मी मागचापुढचा विचार न करता ते धूड जिन्यात ओढलं, ओढणीनं पुसलं आणि शेजारधर्म केल्याच्या समाधानात उभी राहिले.

जिन्यात काठी वाजली. उंच, काटकुळ्या, पुरुषी शर्ट घातलेल्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेल्या एक बाई माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"किसने बोला उठाने को?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मॅडम, बारिश आ रही है."

"तो आने दो. सूरज काम करता है, बारिश भी काम करता है. तुम काम नहीं करता, तुम गडबड करता."

आणि मग त्या ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी माझ्याकडून ते चित्र भर पावसात पुन्हा बाहेर नेऊन, होतं तसं कठड्याला टेकवून घेतलं. तिरकं झालं होतं तर सरळ करायला लावलं. दोघी चिंब भिजलो. "यल्ला," त्या म्हणाल्या, "आता कॉफी." माझी आणि लोटेबाईंची ओळख झाली ती ही अशी.

त्यांची हिंदी रुवीच्या दुकानदारांकडून आणि त्यांच्याकडे काम करून गेलेल्या मंडळींकडून उचललेली होती. तिच्यात सगळी क्रियापदं पुल्लिंगी असत आणि जागोजागी अरबी पेरलेली असे. लांबलचक काही सांगायचं असेल तर त्या इंग्रजीवर यायच्या. मी त्यांना पहिल्या दिवशी सवयीनं आंटी म्हटलं. "मी कोणाची आंटी नाही," त्या म्हणाल्या, "माझं नाव लोटे. ते वापरून झिजलेलं नाही अजून." नव्वदीकडे झुकलेल्या बाईला नुसतं नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना. मग मी त्यांच्यासमोर हाक मारायचंच टाळायचे आणि घरात त्यांना लोटेबाई म्हणायचे.

त्या चित्रकार होत्या, पण त्यांच्या घरात भिंतीवर एकही चित्र नव्हतं. भिंती चुन्याच्या, जमिनीवर एक ओमानी चटई, एक लांब टेबल, आणि नवरा गेल्यावर त्याचे उरलेले शर्ट. तेच त्या घालायच्या. कॉफी इतकी कडू करायच्या की मी खजूर तोंडात ठेवून ती प्यायचे. केस स्वतःच कापायच्या आणि तेही आरशाशिवाय. आरसा कशाला लागतो, मान माझी आहे, कात्री माझी आहे, असं त्यांचं म्हणणं.

गच्चीवरचं चित्र म्हणजे वरपासून खालपर्यंत राखाडी रंग. दुसरं काही नाही. कसं वाटलं, असं त्यांनी विचारल्यावर मी खरं ते सांगितलं, की मला पोछा मारलेली फरशी दिसते. त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "जर्मनीत मोठमोठ्या लोकांनी या चित्रावर पानंच्या पानं लिहिली. कोणाला युद्ध दिसलं, कोणाला ईश्वराचं मौन दिसलं. पोछा कोणाला दिसला नाही. तू त्या वेळी हवी होतीस."

हळूहळू मला त्यांचं आयुष्य कळत गेलं. त्या एकदम काही सांगायच्या नाहीत. कॉफीबरोबर एखादा तुकडा मिळायचा. जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या गावात त्यांचं बालपण गेलं. युद्धातून वडील परत आले नाहीत, घर बॉम्बमध्ये गेलं, आई त्याच घराच्या तळघरात गेली. लोटे त्या दिवशी मावशीकडे बटाटे आणायला गेल्या होत्या म्हणून राहिल्या. मावशीनं वाढवलं. पुढे चित्रकलेच्या शाळेत नाव घातलं. शाळेला छप्पर होतं पण कोळसा नव्हता, मुलं हातमोजे घालून रंगवायची. वर्गात मुली दोनच, आणि दुसरी लग्न करून गेली.

त्या काळी तिथल्या तरुण चित्रकारांमध्ये मोठे वाद चालत. एवढं सगळं घडून गेल्यावर माणसाचा चेहरा काढायचा का, झाड काढायचं का, की चित्रात काहीच दिसू नये, यावर लोक अक्षरशः हमरीतुमरीवर यायचे. लोटेबाईंचं राखाडी चित्र प्रदर्शनात लागलं आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. चित्रात काहीच दिसू नये म्हणणाऱ्यांच्या त्या एका दिवसात पुढारी झाल्या. मग राखाडीच राखाडी. पुढची पंधरा-वीस वर्षं त्यांनी राखाडी चित्रं काढली, ती विकली गेली, संग्रहालयांत गेली. चित्रं विकणारा माणूस दर हिवाळ्यात यायचा आणि पुढच्या वर्षीची मागणी सांगून जायचा. "बेकरीसारखं," त्या म्हणायच्या. "लोक दारात उभे. काय हवं? राखाडी. किती? दोन." पहिलं चित्र मात्र त्यांनी कितीही मागणी आली तरी विकलं नाही.

नवरा पाण्याचा इंजिनियर. त्याला ओमानात विहिरींचं काम मिळालं आणि दोघं इथं आले, तेव्हा मस्कतमध्ये डांबरी रस्ते शोधावे लागत. लोटेबाईंनी आल्या आल्या कॅनव्हास उभा केला, राखाडी रंग कालवला आणि महिनाभर त्याच्याशी झटल्या. जमेना. "इथल्या उजेडात राखाडी उभाच राहत नाही," त्या म्हणाल्या. "तिकडे मी खिडकीबाहेर बघून रंगवायचे. इथं खिडकीबाहेर बघितलं की लाज वाटायची." त्यांनी काम थांबवलं. चित्रं विकणाऱ्यानं आधी समजावलं, मग धमकावलं, मग तो विसरला. जगही विसरलं. मुलगी कारिन शिकायला जर्मनीला गेली ती तिकडचीच झाली. नवरा इथंच गेला आणि त्याला इथंच पुरलं. लोटेबाईही इथंच राहिल्या. का राहिलात म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "कोणी निघ म्हटलं नाही."

चित्र वर-खाली करायला युनूसभाई यायचे. रुवीत त्यांचं काचेचं आणि फ्रेमचं दुकान, मूळचे रत्नागिरीकडचे. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून खूश असायचे. "ताई, ह्या चित्रात काय हाय तां मना काय कलत नाय," ते मला म्हणायचे. "लोक माझ्याकडं उन्हानं रंग उडू नये म्हनून काच लावायला येतात. ही बाई उडवायला बसलीय." मी त्यांना म्हणायचे की मलाही कळत नाही, आणि ते खरं होतं.

मग करोना आला. विमानं बंद झाली आणि त्याच दिवसांत पुण्यात माझी आई गेली. ताप, दवाखाना, ऑक्सिजन आणि संपलं. भावानं वैकुंठ स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. तिथं नेटवर्क धड नव्हतं. पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी दिसलं, मग चित्र अडकलं, मग भावाच्या बुटांकडे कॅमेरा गेला, मग कॉल तुटला. संजय रडला. मी चहा केला. नंतर ऑफिसची एक मेल पाठवायची राहिली होती, ती पाठवली. लोकांचे फोन येत होते आणि मी सगळ्यांना तेच सांगत होते, हो, अचानक, हो, कोणाला जाता आलं नाही. आपल्याला काही होत नाहीये याचंही मला काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल बोटानं दाबून बघावा, तसे दिवस चालले होते.

लोटेबाईंनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाली येऊन दाराबाहेर मसुराच्या सूपचं भांडं ठेवलं आणि पायरीवर अंतर राखून बसल्या. वाईट झालं वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

"चेहरा पाहिलास?" त्यांनी विचारलं.

"नाही. चेन लावलेली होती."

"पण तुला आठवतो."

"आठवतो की. आईचा चेहरा कसा विसरेन?"

"मी विसरले," त्या म्हणाल्या.

आणि त्या दिवशी पायरीवर बसून त्यांनी मला त्या चित्राचं काय ते सांगितलं. घराबरोबर आईचे सगळे फोटो जळले. मावशीकडे एकही नव्हता. लहानपणी चेहरा डोळ्यांसमोर होता, म्हणून त्या निर्धास्त होत्या. चित्रशाळेत गेल्यावर, एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी शाळेनं दिलेल्या चांगल्या रंगांत आईचं चित्र काढलं. मास्तरांनी वर्गासमोर ते पाहिलं आणि म्हणाले, 'बाळ, आया रंगवायचे दिवस संपले. हे घरी मावशीला दाखव.' वर्ग हसला. लोटेनं त्याच दुपारी ते चित्र झाकून टाकलं. रंग संपले होते, म्हणून खडूची पूड तेलात कालवली, तिच्यात शाई ओतली आणि वरपासून खालपर्यंत फासलं. मास्तर दुसऱ्या दिवशी येऊन त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, 'आता तू चित्रकार झालीस.' ज्या चित्रानं त्यांचं नाव झालं ते हे चित्र. पुढची सगळी राखाडी चित्रं याची भावंडं.

"कधीतरी मध्येच," त्या म्हणाल्या, "बहुतेक कारिन झाली तेव्हा, मी आईचा चेहरा आठवायला गेले आणि तो तिथं नव्हता. तेव्हापासून तो एकाच ठिकाणी आहे. त्या राखाडीच्या खाली."

खरवडून काढता येत नव्हतं, खालचा रंगही निघाला असता. पण तो राखाडी स्वस्तातला होता. तेलातला खडू जुना झाला की काचेसारखा पारदर्शक होतो आणि शाई उन्हात उडते. मस्कतला ऊन भरपूर, आणि पाऊस आलाच तर तो उडालेली शाई धुऊन न्यायचा. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी चित्र गच्चीवर ठेवलं होतं. मी ते पावसातून का उचलायला नको होतं हे मला तेव्हा कळलं. मी सूप गरम केलं आणि आम्ही दोघींनी दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून ते प्यायलं. त्यात मीठ नव्हतं. 

त्यानंतर दर आठवड्याला मी वर जाऊन मऊ ब्रशनं चित्रावरची धूळ काढायचे. ते काम मला बरं वाटायचं, कारण त्यात काही वाटावं लागत नसे. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या कोपऱ्यात निळसर काही दिसायला लागलं. लोटेबाई खाली वाकून बघत राहिल्या. "एप्रन," त्या म्हणाल्या. "निळा होता. हो, निळाच होता." त्या दिवशी त्यांनी कॉफीत साखर घातली.

पण चित्र उघडत होतं तसे त्यांचे डोळे मिटत होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भागच जातो, असा तो आजार. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याशी बोलताना त्या कोंबडीसारखी मान तिरकी करून माझ्या कानाकडे बघायच्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण गेलेलं परत येत नाही असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे ही सरळसरळ शर्यत होती. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे डोळे. ऊन थोडं जोरात पडावं असं वाटणाऱ्या मस्कतमध्ये त्या एकट्याच असतील.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांच्या गावच्या संग्रहालयाला लोटेबाईंची आठवण झाली. विसरलेल्या बायकांची चित्रं तिकडे आता शोधली जात होती म्हणे. कारिननं सगळं जुळवलं आणि तिथला एक सभ्य, गोरटेला माणूस मस्कतला आला. त्यानं चित्र पाहिलं आणि राखाडी उडालेल्या कोपऱ्याशी गुडघे टेकून बघायला लागला. मी तिथंच होते. त्या दोघांचं जर्मनमध्ये बोलणं झालं, मग माझ्यासाठी इंग्रजीत झालं. तो म्हणाला की हे चित्र म्हणजे आमच्या काळाचा वारसा आहे, ते आता एकट्या तुमचं राहिलेलं नाही.

"माझी आई आत आहे," लोटेबाई म्हणाल्या. "ती तरी माझी असेल ना?"

त्यानं समजुतीनं सांगितलं की संग्रहालयात असा कॅमेरा आहे, की जो तासाभरात राखाडीखालचं सगळं दाखवेल. चित्र आमच्याकडे द्या, तुम्हाला फोटो पाठवतो. फक्त राखाडीला धक्का लागणार नाही, कारण चित्र म्हणजे राखाडीच.

मला हे अगदी सोयीचं वाटलं. तो गेल्यावर मी त्यांना म्हटलंही, की द्या ना, डोळे आहेत तोवर निदान फोटो तरी दिसेल. 

"मी तिला झाकलं," त्या म्हणाल्या. "चार पोरं हसली म्हणून झाकलं. उघडायची तर मीच. आणि फोटो काढून ते तिला परत झाकूनच ठेवणार. नको."

"आणि तोवर डोळे गेले तर?"

"शुवय्या शुवय्या," त्या म्हणाल्या. हळूहळू होईल, असं इथं सगळेच म्हणतात. टॅक्सीवाला म्हणतो, सरकारी कारकून म्हणतो. त्यांच्या तोंडून ते ऐकून मला राग आला. किती तरी दिवसांनी मला कशाचा तरी राग आला होता.

नंतरच्या उन्हाळ्यात ऊन भयंकर तापलं आणि राखाडी भराभर गेला. पण जूनपर्यंत लोटेबाईंना चित्रातलं काहीच दिसेनासं झालं. त्या मला विचारायच्या, आज काय? मी सांगायचे, एप्रनची गाठ दिसते, कोपर दिसतं, मागे काहीतरी काळं आहे, बहुतेक शेगडी. वरचा भाग मात्र सगळ्यात जाड फासलेला होता. पोरं हसली ती चेहऱ्याला पाहून, म्हणून हात तिथंच जोरात चालला असणार, असं त्या म्हणायच्या. मी रोज ऑफिसातून आले की आधी वर जायचे. आपण काय पाहायला जातोय हे मला धड सांगता आलं नसतं. दुसऱ्या कोणाची तरी आई दिसावी, एवढंच वाटत होतं.

सप्टेंबरच्या शेवटी, चित्र आत घ्यायच्या दिवशी, युनूसभाई आले. ऊन उतरायला लागलं होतं. लोटेबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी ब्रश फिरवला, ओल्या कापडानं पुसलं आणि तिरप्या उन्हात ते चित्र पहिल्यांदाच पुरतं दिसलं. राखाडीचा आता नुसता धुरकट पडदा राहिला होता.  युनूसभाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाईमानूस हाय."

होती. शेगडीसमोर उभी, निळा एप्रन मागे गाठ मारून बांधलेला. पण ती पाठमोरी होती. चेहरा नव्हताच.

"काय दिसतं?" लोटेबाईंनी विचारलं.

युनूसभाई मराठीत पुटपुटले, "सांगा नं कायतरी बरां. तिला काय दिसतां? हसरा चेहरा हाय म्हना."

त्यांचं बरोबर होतं. दुसरं कोणी असतं तर तेच केलं असतं. निळे डोळे, हसरं तोंड, सांगायला काय जातं? पण असं खोटं बोलायला जी माया लागते ती त्या दिवसांत माझ्याकडे शिल्लक नव्हती. मी म्हटलं, "लोटे, चेहरा नाही. त्या पाठमोऱ्या आहेत. शेगडीकडे तोंड आहे."

मी त्यांना नावानं हाक मारल्याचं त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.  खालच्या मशिदीत बांग झाली, संपली. युनूसभाई उगाच दोरी गुंडाळत राहिले.

"म्हणजे तेव्हाच आठवत नव्हता," त्या अखेर म्हणाल्या. "एकोणिसाव्या वर्षीच. आणि मी एवढी वर्षं समजत होते की मी झाकला म्हणून गेला."

मी ओल्या कापडाची घडी करून ते कठड्यावर ठेवलं. 

"केस?" त्यांनी विचारलं. "केस कसे आहेत?"

"बांधलेले. अंबाडा आहे."

"सगळे?"

मी जवळ जाऊन पाहिलं. "नाही. एक बट सुटली आहे. मानेवर आली आहे."

"उजवीकडे."

"हो. उजवीकडे."

लोटेबाईंनी उजवा हात उचलला आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं, बोटं वर धरून, स्वतःच्या मानेवरून काहीतरी मागे सारलं. त्यांचे केस तर बोटभरही नव्हते. "तिचे हात पिठाचे असायचे," त्या म्हणाल्या. "म्हणून ती अशी सारायची. मी मागे स्टुलावर बसलेली असायचे. मला कायम एवढंच दिसायचं. मग तीच आहे ती."

त्यांनी आणखी दोन-तीनदा तसंच केलं. मग म्हणाल्या, "खलास. आत घ्या."

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. युनूसभाईंनी मात्र चित्र उचलायच्या आधी तोंडावरून हात फिरवला.

पुढच्या उन्हाळ्यात चित्र बाहेर निघालं नाही. लोटेबाई त्याआधीच, फेब्रुवारीत, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. त्यांना नवऱ्याशेजारी पुरलं. वर माती ढकलताना मी संजयच्या शेजारी उभी होते आणि परत येताना रुवीहून भाजी घ्यायची आहे हेच माझ्या डोक्यात होतं. कारिन आली होती. ती साठीची, शांत, आईसारखीच उंच. तिनं चित्राकडे पाहून मला विचारलं की ही कोण, आईनं कधी सांगितलं नाही. मी सांगितलं. ती चित्रापासून लांब जाऊन उभी राहिली, मग जवळ आली, मग पुन्हा लांब गेली. युनूसभाईंनी पेटी बनवली आणि चित्र जर्मनीला गेलं. राखाडी उडालेलं ते चित्र संग्रहालयानं कुरकुरत का होईना घेतलं. शेजारी लावलेल्या पाटीचा फोटो कारिननं मला पाठवला. उष्ण हवामानामुळे चित्राच्या पृष्ठभागाची हानी झाली आहे, असं तिच्यावर लिहिलं आहे.

त्यानंतर काही दिवसांनी पुण्याहून भावाचा फोन आला. आईचा फोटो मोठा करून लावायचा होता, तुझ्याकडे चांगला असेल तर पाठव, म्हणाला. ती गेल्यापासून मी फोनमधले तिचे फोटो उघडले नव्हते. शनिवारची दुपार होती, संजय झोपला होता. मी मेथी निवडायला घेतली होती, ती बाजूला ठेवून फोन हातात घेतला. फोटो ढीगभर होते. लग्नातले, वाढदिवसांचे, मस्कतला आली होती तेव्हा समुद्रावर काढलेले. सगळ्यांत ती समोर बघते आहे, पदर सावरून, काढ बाई एकदाचा असा चेहरा करून. तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही, एवढे आहेत.

मी वहिनीला फोन लावला. विचारलं, "ओट्यापाशी काम करताना आईचा एखादा फोटो आहे का गं? मागून काढलेला?"

"मागून?" वहिनी म्हणाली. "मागून कोण काढतं ताई फोटो?"

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. लहानपणी मी ओट्यामागच्या पाटावर बसून अभ्यास करायचे. रोज, कितीतरी वर्षं, माझ्यासमोर तिची पाठच असायची. ती आठवायला गेले. साडी कुठली, वेणी की अंबाडा, पदर कुठून खोचलेला, पोळी लाटताना कुठला खांदा वर जायचा. काहीच येईना. पुण्यात आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. माझ्या घरातून ती त्या दुपारी गेली, आणि मी मेथीच्या ताटासमोर बसून मोठ्यानं रडले.